वरचा विस्तव

बेबिंका वरच्या विस्तवावर भाजतात. चुलीवरचं बाकी बहुतेक सगळं खालून शिजतं. हिची खरी आच झाकणावर असते. पातेल्याखाली राखेत झाकलेली जेमतेम ऊब आणि वर पत्र्याच्या खोलगट झाकणात सोडणांचे, करवंट्यांचे रसरशीत निखारे. पातेल्यात आधी तूप, त्यावर मापाची एक पळी पीठ, मग झाकण. थर वरून तांबूस झाला की झाकण उतरवायचं, चमचाभर तूप सोडायचं, पुढची पळी ओतायची आणि झाकण पुन्हा चढवायचं. असे निदान सात थर हवेत. सोळा करायचे म्हटले तर सकाळी न्याहारीनंतर पेटवलेले निखारे दिवेलागणीपर्यंत जागते ठेवावे लागतात.

साहित्यात नवलाचं काही नाही. नारळाचं घट्ट दूध, साखर, अंड्यांचा बलक, थोडा मैदा, तूप आणि जायफळ. सात थरांना दोन नारळ आणि दहा-बारा बलक पुरतात. मोठ्या पातेल्यात सोळा थर घालायचे तर बलक चाळिसाच्या घरात जातात. नाताळला गोव्यात दोदोल घोटतात, चणाडाळीचं दोस करतात, नेवऱ्या तळतात, कलकल वळतात. त्या सगळ्याला कष्ट आहेत, पण सवयीचा हात असलेली बाई ते एकटीनं उरकू शकते. बेबिंकेपाशी एकटीनं बसणं कठीण. एकानं निखारे फुलवायचे, एकानं झाकण उचलायचं, एकानं पळी ओतायची. शिवाय मैदा तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक पळीआधी पीठ ढवळायला आणखी कुणी हवं. थर कच्चा असताना वर पीठ पडलं तर दोन्ही थर एकजीव होतात आणि मोजायला काही उरत नाही. करपू दिला तर त्या एका थराचा कडवटपणा सगळ्या वडीला लागतो.

माझं आजोळ बार्देशातलं, थिवीहून अस्नोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं. मी वाढले सावंतवाडीत, मराठी शाळेत शिकले, आणि नाताळची सुट्टी लागली की आई आम्हा भावंडांना घेऊन माहेरी यायची. आईची आई ती आमची शामांय, आणि वडील ते शापाय. शापाय तार्वटी, बोटीवर काम करणारे. आयुष्यातले कितीतरी नाताळ त्यांनी समुद्रावर काढले. निवृत्त झाल्यावर मात्र बेबिंकेचे निखारे हे त्यांचं काम होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

ते एका पावसाळ्यात गेले. दुखवट्याच्या घरात नाताळचं गोड होत नाही. त्या डिसेंबरात आमच्याकडे चूल पेटली ती भातासाठी आणि कढीसाठी. चोवीस तारखेला सकाळपासून ताटं यायला लागली. क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखाली प्रत्येक घरचं थोडं थोडं: दोदोलाच्या दोन वड्या, मूठभर कलकल, नेवऱ्या, दोस. वाड्यावरची हिंदू घरंही त्यात होती. त्यांच्याकडून करंज्या आणि लाडू आले. शामांय ओसरीवर बसून प्रत्येक ताट हातात घेत होती आणि कुणाकडून आलं ते पुन्हा विचारून घेत होती. तेव्हा मला वाटलं, ती दुःखात आहे, ऐकून विसरते आहे. ती लक्षात ठेवत होती.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्येच तिनं मामाला सांगितलं, यंदा सोळा थर. आईनं फोनवर समजूत घालून पाहिली. वय झालंय, गुडघे दुखतात, सात पुरेत, हवं तर दोन करू. शामांयचा हिशेब वेगळा होता. ज्या ज्या घरून ताट आलं त्या प्रत्येक घरी बेबिंकेची वडी गेली पाहिजे, आणि ती पूर्ण सोळा थरांची गेली पाहिजे. शापायनी तिला एकदा विचारलं होतं की आपल्या घरी सोळा का होत नाहीत, आणि ती म्हणाली होती, माणसं कुठे आहेत? आता त्यांच्याच वर्षश्राद्धाच्या मिशेला आलेली माणसं होती. त्यांना तिनं नाताळला पुन्हा यायला सांगितलं. सगळे आले. मामाचा मुलगा इंग्लंडातल्या स्विंडनहून आला. १९६१ मध्ये संपलेल्या पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. त्या वाटेनं गेलेली गोव्याची बरीच माणसं स्विंडनमध्ये आहेत. शामांयच्या जन्मदाखल्यावर तिचा नातू तिकडे गेला होता आणि तिच्या बेबिंकेसाठी परत आला होता.

बावीस तारखेला भाजायचं ठरलं. बेबिंका नाताळच्या आदल्या रात्री करत नाहीत. ती मुरावी लागते, पूर्ण निवल्याशिवाय पातेल्यातून काढता येत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिची चव खुलते. आदल्या संध्याकाळी सगळे नारळ फोडून झाले. खवणीवर मामी आणि मावशी आळीपाळीनं बसल्या. पहिल्या पिळाचं दूध वेगळं, त्यातच साखर विरघळवून ठेवायची, कारण साखरेचा कण राहिला तर तो थरात जळतो. बलक वेगळे काढायचं काम मुलांचं. पांढऱ्याचं भलं मोठं पातेलं भरलं, त्याचे गोड, कुरकुरीत सुस्पीर झाले आणि मुलं दोन दिवस तेच खात होती.

आमच्याकडे उरलं पांढरं; शामांयची आवडती गोष्ट सुरू होते ती बलक उरण्यातून. ती मी पहिल्यांदा ऐकली जुन्या गोव्यात. गोंयच्या सायबाच्या फेस्ताला, तीन डिसेंबरला, आम्ही मिस झाल्यावर मोंते सांतोच्या चढावर गेलो होतो. तिथे सांत आगुश्तीनचा मोडका मनोरा आहे आणि जवळच सांता मोनिकाचा मठ, जांभ्या दगडाचा, तीन मजली, बाहेरून जाड धिरे दिलेला. शामांयनं त्या भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं की या मठात बिबियोना नावाची नन होती. कपड्यांना खळ द्यायला अंड्याचं पांढरं लागायचं आणि बलक वाया जायचे. तिनं ते बलक नारळाच्या दुधात घातले आणि सात थर भाजले, लिस्बनच्या सात टेकड्यांचे आणि जुन्या गोव्याच्या सात टेकड्यांचे. पाद्रींना ताट पाठवलं. त्यांना ते आवडलं, पण लहान वाटलं. मग तिनं सोळा केले.

ही गोष्ट गोव्यात घरोघरी सांगतात. मला ती आवडते, आणि तिच्यातला बलकांचा भाग पटतोही. पोर्तुगालच्या मठांमध्ये पांढरं खळीला वापरायचं आणि उरलेल्या बलकांची मिठाई करायची हा जुना प्रघात. लिस्बनमधल्या बेलेंची पाश्तेल द नाता त्याच परंपरेतली. सांता मोनिकाचा मठही खरा. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी १६०६ मध्ये तो स्थापला, इमारत १६२७ मध्ये पुरी झाली, १६३६ मध्ये आगीत जळाली आणि पुन्हा उभी राहिली. १८३४ मध्ये पोर्तुगालनं धर्मसंघ बरखास्त केले, नव्या ननांना प्रवेश मिळेनासा झाला आणि मठातली शेवटची नन १८८५ मध्ये वारली. आज तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. सोन्याचांदीची पूजापात्रं आणि हस्तिदंती मूर्ती काचेमागे मांडल्या आहेत.

माझं मन थांबतं ते निखाऱ्यांपाशी. मठातल्या नना बहुतेक बड्या पोर्तुगीज घराण्यांतल्या. त्यांच्यासोबत दासी आणि चाकरणी असत, आणि विस्तवाशी बसणं त्यांच्याच वाट्याला येणार. नारळाचं दूध काढायचं कसं, पहिला पीळ आणि दुसरा पीळ वेगळा का ठेवायचा, सोडणाचा निखारा किती वेळ टिकतो, करवंटीचा किती, हे लिस्बनच्या टेकड्यांवर कुणाला माहीत असणार? कोकणात काकडीचं धोंडस आजही खाली-वर विस्तव ठेवून भाजतात. मालवणी घरांतल्या सातकापे घावनात तांदळाचं घावन आणि गूळ-खोबरं यांचे थर एकावर एक चढतात, आणि त्यांची संख्याही सातच. मला वाटतं, बिबियोनानं बलक दिले असतील, साखर दिली असेल, देवासाठी आणि पाद्रींसाठी काही मोठं करायची हौस दिली असेल; पण झाकणावर निखारे ठेवण्याचं शहाणपण चुलीशी बसलेल्या बाईचं. तिचं नाव गोष्टीत आलेलं नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्या मातीतली म्हणून तिची नोंद झाली, हे त्या बिननावाच्या बाईचं थोडंफार देणं फिटल्यासारखं वाटलं.

बावीस तारखेची सकाळ. पूर्वी बेबिंका मातीच्या तिझालीत भाजत. आमच्याकडे कल्हईचं तांब्याचं पातेलं होतं, शापायनी मुंबईहून आणलेलं. मामा निखाऱ्यांवर, मावशी झाकणावर, आई पळीवर, मामी ढवळायला. शामांय पाटावर, हातात रोजरीची माळ घेऊन. तिच्याकडे वेळ मोजायची रीत होती. पहिल्या थरापासून ती तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, म्हणायला लागायची, आणि पाच गूढं संपून शेवटची प्रार्थना झाली की मावशीनं झाकण उचलायचं. घड्याळ लावून पाहिलं तर पंधरा-वीस मिनिटं. थर भाजायला तेवढीच लागतात; निखारे बदलायचा वेळ वेगळा. पूर्वी तिची सासूही असंच मोजायची. म्हणजे सोळा थरांना सोळा तेर्स. आणि प्रत्येक थराची प्रार्थना त्या त्या घरातल्या माणसांसाठी, ज्यांचं ताट आलं होतं.

स्विंडनच्या भावाला हे सगळं फार आवडलं, तरी त्याचं म्हणणं होतं की ओव्हनमध्ये वरची ग्रिल तेवढी चालू ठेवली तर हेच काम होतं, आच सारखी राहते आणि डोळ्यांत धूर जात नाही. मामाला ते रुचलं नाही. बोलाचाली वाढणार असं दिसलं तेव्हा शामांयनं निकाल दिला. त्यानं स्वयंपाकघरात आपली सात थरांची करावी, आम्ही परसात आमची. तेच पीठ, त्याच नारळांचं दूध. "उजो वयर आसूं दी, मागीर खंयचोय आसूं," ती म्हणाली. विस्तव वर असू दे, मग कुठलाही असू दे. त्याची बेबिंका दुपारी झाली. थर सुतानं आखावेत असे सरळ. शामांयनं निवल्यावर खाऊन पाहिली आणि चांगली आहे म्हणाली, आणि ती चांगलीच होती. तिला सोडणाच्या धुराचा वास तेवढा नव्हता.

सहाव्या-सातव्या थराला सगळे स्थिरावले. कुणी काय करायचं ते सांगावं लागेना. अशा वेळी शामांय तेर्स आणि तेर्स यांच्या मधल्या फटीत बोलायची. त्या दिवशी ती १९६१ वर आली.

त्याआधीची सहा वर्षं गोव्याची नाकेबंदी होती. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारतानं वाहतूक तोडली. आगगाडी थांबली, मुंबईहून घरी येणाऱ्या पैशांची वाट अडली. शामांयची थोरली बहीण सावंतवाडीत दिलेली होती. थिवीहून वाडी म्हणजे सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढीच. त्या सहा वर्षांत बहिणी एकमेकींना दिसल्या नाहीत. म्हापशाच्या बाजारात हॉलंडचे बटाटे यायचे, सिलोनचा चहा यायचा, पाकिस्तानातून तांदूळ. हॉलंडचा बटाटा दिसायला देखणा होता, असं शामांय म्हणायची, पण रस्सा धरत नसे.

अठरा डिसेंबर, सोमवार. पहाटे स्फोटांचे आवाज झाले. पोर्तुगीज सैन्यानं मागे हटताना पूल उडवले, त्यात अस्नोड्याचाही होता. घरात शामांय, तिची सासू आणि दोन लहान मुलं. दार लावून त्या देवघराच्या खोलीत बसून राहिल्या. भारतीय सैन्याची तुकडी त्याच दिवशी थिवीवरून पुढे गेली आणि संध्याकाळी मांडवीच्या काठावर बेतीला पोचली. एकोणीस तारखेला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती दिली. साडेचारशे वर्षांचं राज्य दोन दिवसांत संपलं आणि सहाव्या दिवशी नाताळ होता.

स्फोटांनी कोंबड्या इतक्या भ्याल्या की चार दिवस एकीनंही अंडं दिलं नाही. शामांयच्या तोंडून मुक्तीचा इतिहास मी ऐकला तो असा, कोंबड्यांपासून. घरात जुनी सहा अंडी होती. साखर महिन्याच्या सुरुवातीला घेऊन ठेवलेली, नारळ परसातले, सोडणांचा ढीग पडलेला. ती म्हणाली, यंदा राहू दे. सासू म्हणाली, का राहू दे? देव जन्माला यायचा थांबणार आहे का? दोघींनी लहान पातेल्यात सहा बलकांचे तीन थर भाजले. तेव्हाही सासू तेर्स म्हणत होती आणि शामांय निखारे फुलवत होती, एकीकडे रस्त्यावरून ट्रक जाण्याचे आवाज. दुसऱ्या दिवशी दोन शिपाई विहिरीवर पाणी मागायला आले. त्यांची भाषा हिला येईना, हिची त्यांना. सासूनं दोन बारीक वड्या पानावर ठेवून दिल्या. एकानं खुणेनं अंड्याचं विचारलं, हिनं मान हलवली, तेव्हा त्यानं हात जोडले आणि आपली वडी दुसऱ्याला दिली. दुसऱ्यानं दोन्ही खाल्ल्या आणि पान परत आणून दिलं.

शापाय त्या नाताळात मनिलाच्या बंदरात होते. हा भाग नेहमी ते सांगायचे. शामांय तीन थरांपर्यंत आली की थांबायची आणि ते पुढे घ्यायचे. त्या दिवशी ती थांबली नाही. मामानं निखारे सरकवता सरकवता मान वर करून पाहिलं, आणि ती त्यांचा भाग सांगत राहिली.

बोटीवर रेडिओवरून कळलं होतं की गोव्यात सैन्य शिरलं. पुढचं काही नाही. घर रस्त्यालगत, बायकामुलं जिवंत आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नाही. फिलिपिन्समध्ये १६ डिसेंबरपासून चोवीसपर्यंत रोज पहाटे मिस होते, अंधार असतानाच. झोप येत नाही म्हणून ते पहाटे देवळाकडे गेले. देवळाबाहेर बायका मातीच्या शेगड्या घेऊन बसल्या होत्या. पातेल्यात केळीचं पान, त्यावर तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध कालवून ओतलेलं, खाली निखारे आणि वर पत्र्यावर निखारे. तिथे त्याला बिबिंगका म्हणतात. त्याला थर नसतात. शापायनी एक घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. म्हणायचे, मी इतके देश पाहिले, पण जाळ वर ठेवणारी बाई घराबाहेर तिथेच पाहिली, आणि पाहिल्यावर मला वाटलं की घरी सगळे जिवंत आहेत. का वाटलं ते सांगता येणार नाही.

त्यांचं पत्र फेब्रुवारीत आलं. त्यात युद्धाबद्दल अक्षर नव्हतं. बेबिंका केली का, एवढं विचारलं होतं. शामांयनं उलट लिहिलं, तीन थर.

नारळ जिथे आहे आणि पोर्तुगीज गलबतं जिथे लागली, त्या किनाऱ्यांवर या पदार्थाची भावंडं सापडतात. मकावला दुधाची बेबिंका करतात. पश्चिम पॅसिफिकमधल्या वादळांना नावं देण्याच्या यादीत मकावनं तेच नाव दिलं आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शांघायवर येऊन आदळलेलं वादळ बेबिंका होतं. बातमी वाचली तेव्हा मला शापाय आठवले. या सगळ्या बंदरांतून ते फिरले होते, त्यांनी त्या वादळाचा मार्ग नकाशावर बोट ठेवून दाखवला असता.

१९६२ च्या नाताळात सावंतवाडीची बहीण आली. येताना टोपलीत अंडी, भाताच्या तुसात एक एक बसवून. तीन थरांचं ऐकून ती रडली आणि लगेच कामाला लागली. त्या वर्षी सात झाले. पुढे तिनंच माझ्या आईचं लग्न वाडीतल्या घरात जमवलं, म्हणून मी मराठी शाळेत गेले आणि हे मराठीत लिहिते आहे.

अकराव्या थराला सोडणं संपत आली. सोडणाचा निखारा लवकर फुलतो आणि लवकर राखही होतो. शापायनी हिशेब नेमका केला असता. मामा गडबडला. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून हे पाहत होत्या. त्यांनी दोन टोपल्या करवंट्या आणून ओतल्या आणि स्वतःही फुंकणी घेऊन बसल्या. करवंटीचा निखारा कडक. मामानं तो झाकणाच्या कडेला लावला, मध्ये कमी ठेवला, कारण थर मध्ये लवकर रंगतो. बाराव्या थरापासून आई पळी मामीच्या हातात द्यायला लागली, मावशी झाकण आईच्या. मला तेराव्याला ढवळायला मिळालं. पातेल्यातून जायफळाचा, भाजलेल्या साखरेचा आणि नारळाच्या तेलाचा वास एकत्र येत होता. कडेनं तूप सुटून बुडबुडत होतं, तेव्हा शामांयनं सांगितलं की आता तूप कमी घाला, वरचे थर ते खाली सोडतात. हे कुठल्याही कृतीत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

सोळावा थर चढला तेव्हा अंधार पडला होता. त्या थराची तेर्स शापायसाठी होती आणि ती सगळ्यांनी मिळून म्हटली, वहिनी फुंकणी खाली ठेवून बसून राहिल्या. झाकण उचललं. वरचा थर सगळीकडून सारखा, तांबूस तपकिरी. शामांयनं बोटानं कड दाबून पाहिली आणि पातेलं फडक्यात गुंडाळून कोठीत ठेवायला सांगितलं.

चोवीसला सकाळी ते उलटं केलं. तळ वर आला. मामानं मोठी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली आणि पहिला काप घेतला. उभ्या कापात थर दिसले, फिकट आणि गडद, आलटून पालटून. मुलांनी मोजले. सोळा. शामांयनंही मोजले, बोट लावून, तळापासून.

मग ताटं. कोणाकडून काय आलं होतं ते ती वर्षानंतर घडाघडा सांगत होती. अमक्याकडे गुरुवार पाळतात, वडी उद्या खा म्हणून सांग, टिकते. तमक्या म्हातारीला दात नाहीत, तिला मधली मऊ दे. वहिनींच्या घरी दोन, करवंट्यांच्या हिशेबात. त्या वर्षी वाड्याच्या टोकाच्या घरात दुखवटा होता, कोवळा मुलगा गेला होता. तिथलं ताट तिनं सर्वांत आधी भरायला लावलं आणि मला नेऊन द्यायला सांगितलं. त्या बाईनं दारातच ताट घेतलं, आत नेलं आणि रिकामं परत द्यायचं नसतं म्हणून परसातली तांबडी भाजी उपटून, मुळं धुऊन, जुडी बांधून त्यात ठेवली. तिच्या हाताला अजून माती होती. घरी आल्यावर शामांयनं जुडी पाहिली, रुमाल झटकला आणि पुढचं ताट माझ्या हातात दिलं.